भाऊ वॉर्डात तळमळतोय, डब्यातून गोळ्या नेऊन देऊ का?

पत्र

नमस्कार सिस्टर, माझा धाकटा भाऊ २९ वर्षांचा आहे, डिलिव्हरीचा टेम्पो चालवतो. सोमवारी माल उतरवताना वरून पडला, मांडीचं हाड मोडलं, बुधवारी ऑपरेशन करून रॉड टाकला. पण मंगळवार रात्रीपासूनच तो विचित्र करतोय. सारख्या जांभया, नाक गळतंय, घाम, अंगावर काटा, जुलाब, रात्रभर ओरडतो. वॉर्डातले म्हणतात नाटकी आहे, इंजेक्शनसाठी करतोय. फक्त मला माहितीये की तो टॅपेंटाडॉलच्या, म्हणजे तगड्या पेनकिलरच्या, गोळ्या खातो, दिवसाला दहा-बारा तरी. पाठदुखीवरून सुरू झालं, त्याआधी मित्रांबरोबर गर्दपण (ब्राऊन शुगर) ओढायचा. मला शपथ घातलीये कुणाला सांगू नको, पोलीस येतील. आता म्हणतो डब्यातून चार गोळ्या आण नाहीतर सलाईन काढून निघून जाईन. बाबांना संशय आलाय, ते म्हणतात तडफडू दे, अद्दल घडेल. मामा म्हणतात डामा घेऊ, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज, त्यांच्या ओळखीचं एक केंद्र आहे, त्यांची माणसं गाडी घेऊन येतात आणि सहा महिने आत ठेवतात. आणि बरा झाल्यावर टेम्पो चालवू शकेल ना? घर त्याच्यावर चालतं.
— एक बहीण, कल्याण

उत्तर

अगं, एरवी मी नंबराने उत्तरं देते पण तुझं पत्र वाचून थांबवेना, कारण यातल्या निम्म्या गोष्टी उद्या सकाळच्या राऊंडच्या आत व्हायला हव्यात.

आधी डब्याचं. गोळ्या नेऊ नकोस. वाईट बहीण ठरशील म्हणून नव्हे, तर वॉर्डात त्याला दुखण्याची, झोपेची काय काय औषधं चालू आहेत ते तुलाही माहीत नाही आणि त्यालाही नाही, त्यात वरून चार टॅपेंटाडॉल पडल्या तर रात्री दोन वाजता त्याचा श्वास मंदावलेला कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही, सगळ्यांना वाटेल चला एकदाचा झोपला. पण गोळ्या न देणं हे अर्धंच काम झालं. नुसतं नाही म्हणून घरी आलीस तर तो खरंच सलाईन काढून जाईल, अशी माणसं जातात, मी वॉर्डात नोकरी करताना रिकामे बेड पाहिलेत आणि नंतर मी व्यसनमुक्तीच्या ओपीडीत होते तिथे त्याच माणसांनी सांगितलंय की सिस्टर पळून कुणाला जायचं होतं, सहन होत नव्हतं.

तो नाटक करत नाहीये. तू जे लिहिलंयस ना, जांभया, नाक, काटा, जुलाब, हे ओपिऑइड, म्हणजे अफूच्या घराण्यातलं औषध, एकदम बंद झाल्यावरचं अगदी पुस्तकातलं चित्र आहे, टॅपेंटाडॉल आणि गर्द दोन्ही त्यातलीच. मुंबईत गर्दवाली पोरं याला टर्की म्हणतात. अफूच्या घराण्यातली जी औषधं लवकर उतरतात ती बंद झाली की सहा-बारा तासांत सुरुवात होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस असतो आणि मग आठवडाभरात हळूहळू ओसरतं. डोळ्यांची बाहुली बघ त्याची, मोठी झालेली असेल. अंगावर काटा आणि मोठी बाहुली हे कुणाला नाटक करून आणता येत नाही, एवढं एक वाक्य जरी ड्युटीवरच्या सिस्टरला नीट सांगितलंस तरी तिची नजर बदलेल. सिस्टरलोकांवर मी रागावत नाहीये, एकेका पाळीला चाळीस पेशंट असतात, आणि हे कुणी शिकवतही नाही आम्हाला, ऑर्थोच्या वॉर्डात तर नाहीच. पण 'गर्दुल्ला आहे, दुर्लक्ष करा' हे वाक्य मी चांगल्या चांगल्या माणसांच्या तोंडून ऐकलंय आणि मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

तुझ्या बाबांना सांग की तडफडण्याने अद्दल घडत नाही. घडत असती तर गर्द ओढणारा प्रत्येक जण पहिल्याच टर्कीनंतर सुटला असता. उलट होतं असं की जुलाब-उलट्यांनी ऑपरेशन झालेल्या शरीरातलं पाणी आणि क्षार जातात, नाडी आणि बीपी वर जातं, पाय आपटून आपटून नवीन रॉडवर ताण येतो, फिजिओथेरपीवाला आला की त्याला हात लावू देत नाही. मांडीच्या हाडाच्या ऑपरेशननंतर पाय हलला नाही तर शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुफ्फुसात जाण्याची भीती असते, ती अद्दल फार महागात पडेल.

आता उद्याचं काम. तुझ्या भावाशी आधी तू बोल, एकटी, बाकीचे नसताना. त्याला म्हण की मी तुझ्या पाठीमागे कुणाला सांगणार नाही पण उद्या राऊंडला आपण दोघं मिळून सांगणार आहोत कारण तुझा त्रास बंद करायचं औषध यांच्याकडे आहे आणि त्यांना माहीतच नाही तू काय घेत होतास. बहुतेक वेळा या वाक्याने माणूस विरघळतो, कारण त्याला गोळ्या नको असतात गं, त्याला तो त्रास थांबायला हवा असतो. नाहीच ऐकलं तर तू सांग. शपथ मोडली तर मोडली. त्याला पुन्हा भूल द्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञाला ही माहिती नसणं जास्त धोक्याचं आहे.

काय सांगायचं तर: गोळी कुठली, किती मिलिग्रॅमची (रिकामी स्ट्रिप सापडली तर फोटो काढून ने), दिवसाला किती, शेवटची कधी घेतली, किती वर्षं चालू आहे, सुई कधी घेतली का. आणि दारू किंवा झोपेच्या गोळ्या, अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, ज्याला कुणी बटन म्हणतं कुणी कुत्ता गोळी, त्या घेतो का हे खोदून विचार. कारण ओपिऑइडची टर्की भयंकर त्रास देते पण सहसा तिने जीव जात नाही, दारू आणि झोपेच्या गोळ्या अचानक बंद झाल्या तर मात्र फिट येऊ शकते, भ्रम होतो, जीवही जातो, आणि त्याचं औषध वेगळं असतं. टॅपेंटाडॉल ऐकून एखादा डॉक्टर म्हणेल ती तर साधी पेनकिलर आहे. साधी वगैरे काही नाही, दिवसाला ६०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये असं त्या औषधाच्या माहितीतच असतं आणि १०० च्या दहा-बारा असतील तर जवळपास दुप्पट झाली.

टर्कीला डॉक्टरांच्या भाषेत विड्रॉवल म्हणतात, म्हणून मग स्पष्ट शब्दांत सांग, 'सर, विड्रॉवल चालू आहे, सायकियाट्रीचा रेफरन्स लिहा.' हे रेफरन्स लिहा वाक्य महत्त्वाचं, कारण पेपरवर लिहिलं की कुणीतरी यायलाच लागतं. मोठ्या सरकारी किंवा पालिकेच्या हॉस्पिटलात सायकियाट्री विभाग त्याच इमारतीत असतो. प्रायव्हेट असेल तर बाहेरून सायकियाट्रिस्ट व्हिजिटला बोलावता येतो, तुम्हीही सुचवू शकता. ते नसेल तर निदान फिजिशियनला तरी दाखवा. सायकियाट्रिस्ट बोलावला म्हणजे वेडा ठरवला असं बाबा म्हणतील, म्हणू देत.

पोलिसांचं. डॉक्टरला खरं सांगितलं म्हणून पोलीस बेडपाशी येत नाहीत, पेशंटची माहिती गुप्त ठेवणं हे त्यांचं काम आहे. पडून हाड मोडलं त्याची एमएलसी, म्हणजे हॉस्पिटलने पोलिसांना कळवायची नोंद, झाली असेल तर ती अपघाताची, व्यसनाची नाही. आणि गर्दसारख्या गोष्टींना जो कायदा लागतो, १९८५ चा एनडीपीएस, त्यातच ६४अ कलम आहे की व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतोय आणि पूर्ण करतोय तर सेवनाबद्दल किंवा अगदी थोडा माल सापडल्याबद्दल त्याच्यावर खटला चालवायचा नाही. म्हणजे उपचार घेणं हेच त्याचं संरक्षण आहे. भावाला हे सांग, त्याच्या डोक्यातली निम्मी भीती जाईल.

आता दुखण्याविषयी, इथे मी जरा लांबण लावणार आहे कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. लोकांना वाटतं याला नशेच्या गोळ्यांची सवय आहे तर याला पेनकिलर कमी द्या. उलटं आहे. रोज एवढा डोस घेणाऱ्याचं शरीर त्याला सरावलेलं असतं, दुखणं उलट जास्त जाणवतं, आणि वॉर्डातला नेहमीचा डोस त्याला पुरत नाही. म्हणजे तो इंजेक्शन मागतोय त्यात दोन गोष्टी आहेत, एक तर मांडीचं हाड मोडलंय आणि त्यात लोखंड घातलंय, ते दुखणारच, आणि दुसरं विड्रॉवल. दोन्ही खरं आहे, दोन्हीचा इलाज वेगवेगळा करावा लागतो. बऱ्याच हॉस्पिटलांत ट्रॅमाडॉल हेच त्यातल्या त्यात तगडं औषध असतं आणि ते ४०० मिलिग्रॅमच्या वर नेता येत नाही, फिट येण्याचा धोका असतो, त्यामुळे तेच वाढवत बसण्यात अर्थ नाही. मॉर्फिन सगळीकडे ठेवलेलं नसतं. पण बाकी खूप काही करता येतं: पॅरासिटामॉल आणि सूज उतरवणारी औषधं मागितल्यावर नाही तर घड्याळाच्या काट्याप्रमाणे द्यायची, भूलतज्ज्ञाला सांगून मांडीच्या नसेला ब्लॉक द्यायचा, लागलं तर केटामाइन या भुलीच्या औषधाचा छोटा डोस. नर्व्ह ब्लॉकबद्दल जरूर विचार, त्याने पायापुरतं दुखणं थांबतं आणि डोक्याला नशा काही लागत नाही.

आणि एक गोष्ट पेपरवर लाल पेनने लिहून घ्यायला सांग. फोर्टविन, म्हणजे पेंटाझोसिनचं इंजेक्शन, आपल्याकडे वॉर्डात सर्रास देतात, तसंच ब्युटॉर्फेनॉल. ज्याला रोजच्या ओपिऑइडची सवय आहे त्याला हे दिलं तर दुखणं थांबायच्या ऐवजी टर्की एकदम उसळू शकते, कारण ही औषधं अर्धी चालू करणारी आणि अर्धी बंद करणारी असतात. रात्री इंजेक्शन दिल्यावर तो शांत व्हायच्या ऐवजी आणखी खवळला असं झालं असेल तर कुठलं इंजेक्शन होतं ते विचार. मला नक्की माहीत नाही तुमच्याकडे काय दिलं, पण विचारायला काय जातंय.

आता खरा इलाज. विड्रॉवलवर नुसती वरवरची औषधं असतात, क्लोनिडिन, जुलाबाची गोळी, उलटीची, झोपेची, त्याने धार कमी होते. पण मुळाशी जाणारं औषध म्हणजे बुप्रेनॉर्फिन, आपल्याकडे बहुतेक नॅलॉक्सोनबरोबर (ओपिऑइडचा असर उतरवणारं औषध) एकत्र गोळीत येतं, जिभेखाली ठेवायची असते. हे पण ओपिऑइडच आहे पण अर्धवट काम करणारं. लोकलमध्ये विंडो सीटवर बसलेल्याला उठवून स्वतः बसावं आणि मग विरारपर्यंत हलू नये तसं हे औषध मेंदूतली जागा धरून बसतं, दुसऱ्या कुणाला बसू देत नाही, आणि स्वतः मात्र एका मर्यादेपलीकडे नशा देत नाही. तलफ जाते, टर्की जाते, माणूस जेवतो, झोपतो, बोलतो. श्वास बंद पडण्याचा धोकाही इतर ओपिऑइडपेक्षा पुष्कळ कमी, दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत नसतील तर.

फक्त वेळ साधावी लागते. पोटात टॅपेंटाडॉल किंवा अंगात गर्द असताना हे दिलं तर ते आधीच्याला उठवून बसतं आणि एका तासात भयंकर टर्की येते. म्हणून शेवटच्या डोसनंतर निदान बारा तास थांबतात आणि विड्रॉवल खरंच दिसायला लागलं की देतात, डॉक्टरांकडे त्यासाठी मोजपट्टी असते, नाडी, घाम, बाहुली, जांभया अशा ११ गोष्टींना गुण देऊन बेरीज करतात. तुझ्या भावाच्या बाबतीत ऑपरेशननंतर तगडी ओपिऑइड चालू असतील तर आणखी एक पद्धत आहे, अगदी बारीक डोसपासून सुरू करून काही दिवसांत वाढवत न्यायचं आणि दुखण्याची औषधं तोवर चालू ठेवायची. कुठली पद्धत हे डॉक्टर ठरवतील. तू फक्त एवढं कर की कुणाच्या मित्राकडून ही गोळी मिळवून स्वतः देऊ नकोस. तशीही ती केमिस्टकडे सहज मिळत नाही, सायकियाट्रिस्ट आणि ठराविक केंद्रांतूनच मिळते. उद्या-परवा पुन्हा एखादं ऑपरेशन करायचं म्हटलं तरी बुप्रेनॉर्फिन बंद करायची गरज नसते, तोच डोस दिवसात तीन-चार वेळा विभागून दिला तर दुखण्यालाही उपयोग होतो. हे काही सर्जनना माहीत नसतं, ते बंद करा म्हणतात, मग सायकियाट्रिस्टला त्यांच्याशी फोनवर बोलायला लावायचं.

बाबा म्हणणारच, एक नशा सोडून दुसरी. सगळे म्हणतात. तर जागतिक आरोग्य संघटनेने २००५ सालीच बुप्रेनॉर्फिन आणि त्याच कामाचं दुसरं औषध मेथाडोन आवश्यक औषधांच्या यादीत घातलंय. २०१७ मध्ये बऱ्याच देशांतले अभ्यास एकत्र करून बघितलं तेव्हा उपचारावर असलेल्या लोकांत मृत्यूचं प्रमाण उपचार सोडलेल्यांपेक्षा पुष्कळ कमी निघालं, बुप्रेनॉर्फिनच्या बाबतीत निम्म्याहून कमी आणि मेथाडोनच्या बाबतीत एक तृतीयांशाच्या आसपास. नशा म्हणजे दिवसभर पुढच्या गोळीच्या मागे धावणं, पैसे उसने घेणं, खोटं बोलणं. सकाळी एक गोळी जिभेखाली ठेवून कामाला जाणाऱ्याला मी नशेडी म्हणणार नाही, बाबांना म्हणायचं तर म्हणोत.

आणि हे वॉर्डातच का सुरू करायचं, डिस्चार्जनंतर नेऊ की व्यसनमुक्तीला, असंही कुणीतरी म्हणेल. बॉस्टनच्या एका हॉस्पिटलमध्ये २०१४ साली याच प्रश्नाचा अभ्यास छापून आला होता. दुसऱ्याच कुठल्यातरी आजारासाठी ॲडमिट झालेले १३९ व्यसनी पेशंट घेतले, निम्म्यांना विड्रॉवलपुरतं पाच दिवस औषध देऊन बंद केलं आणि बाहेरच्या ठिकाणांची माहिती हातात दिली, निम्म्यांचं बुप्रेनॉर्फिन वॉर्डातच बसवून बाहेरच्या ओपीडीशी जोडून दिलं. दुसऱ्या गटातले ७२ टक्के पुढच्या उपचाराला पोचले आणि पहिल्यातले १२ टक्के. अमेरिका आहे, तिथली व्यवस्था वेगळी, मान्य, पण माणूस तोच आहे गं, बेडवर पडलेला, घाबरलेला, आत्ता हो म्हणणारा, आणि घरी गेल्यावर चौथ्या दिवशी मित्राचा फोन उचलणारा. सहा महिन्यांनी तिथेही दुसऱ्या गटातले फक्त १७ टक्के उपचारात टिकले होते हेही सांगते, म्हणजे तू जादूची अपेक्षा धरू नयेस.

आपल्याकडेही काही ही एकट्या-दुकट्याची गोष्ट नाहीये. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या एम्सच्या देशभरच्या पाहणीत ओपिऑइड वापरणारे सव्वादोन कोटी लोक निघाले आणि त्यातल्या साधारण ७७ लाखांना उपचारांची गरज होती. पुण्याचं मुक्तांगण १९८६ ला अवचट दांपत्याने सुरू केलं ते गर्दचीच लाट आली होती म्हणून. तेव्हा गर्द होती, आता त्यात मेडिकलमधून मिळणाऱ्या गोळ्यांची भर पडलीये, आणि गोळीमुळे घरच्यांना कळतच नाही, कारण स्ट्रिप बघून वाटतं औषध घेतोय.

मामांचं. डामा घेऊ नका, हात जोडून सांगते. टाके ओले आहेत, रॉड नवीन आहे, इन्फेक्शन झालं तर तो पाय परत उघडावा लागेल. आणि ती गाडी घेऊन येणारी माणसं, त्यांना घराच्या उंबऱ्यात उभं करू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि ड्रग्जच्या वापराशी जोडलेल्या मानसिक अवस्थाही धरल्या आहेत, म्हणजे मनाविरुद्ध भरती करायला सायकियाट्रिस्टची आणि आणखी एका डॉक्टरची किंवा मानसिक आरोग्य तज्ज्ञाची तपासणी लागते, ठरावीक अटी लागतात, केंद्र नोंदलेलं लागतं, उचलून न्यायचा अधिकार कुणाला नाही. चांगली केंद्रं आहेत, मी नाही म्हणत नाही, समुपदेशन, ग्रुप, घरच्यांचे वर्ग, याचा फार उपयोग होतो. पण जाण्याआधी तीनच प्रश्न विचारायचे: डॉक्टर रोज येतात का, बुप्रेनॉर्फिन देता का किंवा चालू असेल तर चालू ठेवता का, आणि घरच्यांना कधीही भेटता येतं का. तिसऱ्या प्रश्नावर जो अडखळतो तिथे पेशंट ठेवायचा नाही.

सहा महिने आत ठेवून कोरडा बाहेर काढणं यात अजून एक धोका आहे जो कुणी सांगत नाही. एक-दोन आठवड्यांतच शरीराची सवय मोडायला लागते. बाहेर आल्यावर मोह झाला आणि जुन्या हिशेबाने दहा गोळ्या घेतल्या किंवा गर्दची जुनी मात्रा ओढली तर जीव जाऊ शकतो. हॉस्पिटलमधून औषधाविना सुटलेल्यालाही हेच लागू. त्यामुळे हे लक्षात ठेव आणि घरातल्या प्रत्येकाला सांग: टाचणीच्या टोकाएवढी बाहुली, ओठ निळे, घोरल्यासारखा खरखर श्वास किंवा मिनिटाला दोन-चारच श्वास, हाक मारून उठत नाही, तर कांदा हुंगवत बसू नका, १०८ ला फोन, कुशीवर वळवा, श्वास बंद वाटला तर तोंडाने श्वास द्या, आणि आलेल्या डॉक्टरला 'ओपिऑइड' हा शब्द सांगा म्हणजे ते नॅलॉक्सोनचं इंजेक्शन देतील. लाज वाटून 'काहीतरी खाल्लं' असं सांगू नका.

कुणी नाल्ट्रेक्सोन सुचवलं तर सध्या नको. ते ओपिऑइडला पूर्ण बंद करणारं औषध आहे, अंगात ओपिऑइड असताना दिलं तर टर्की येते, आठवडा-दहा दिवस पूर्ण कोरडं असावं लागतं, आणि ते चालू असताना दुखण्याची तगडी औषधं लागू पडत नाहीत. मोडलेल्या मांडीच्या माणसाला आत्ता ते कशाला.

डिस्चार्जच्या आधी, आदल्या दिवशी नाही, निदान दोन-तीन दिवस आधी, हे बघून ठेव की बुप्रेनॉर्फिन पुढे कुठून मिळणार. तारीख, ओपीडीचा वार, डॉक्टरचं नाव डिस्चार्ज कार्डवर लिहून घे, 'फॉलोअप सायकियाट्री' एवढंच मोघम नको. कल्याणहून तुम्हाला केईएम, सायन, नायर, जेजे कुठलंही लोकलने गाठता येतं, तिथल्या सायकियाट्रीच्या ओपीडीत विचार, जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलातही मानसिक आरोग्याची टीम असते. सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेलिमानस १४४१६, दोन्ही फुकट, जवळचं केंद्र विचारून घे. पाय प्लास्टरसारखा जड असताना रोज लोकलने नेणं शक्य नाही, म्हणून सुरुवातीला काही दिवसांची गोळी घरी मिळेल का ते विचार, आणि मिळाली तर ती तुझ्या कपाटात, कुलपात, रोज तुझ्यासमोर जिभेखाली. किती दिवस घ्यायची? महिने, बऱ्याचदा वर्षं. घाईने कमी करायला गेलं की परत सुरू होतं हेच मी पाहिलंय.

सुई कधी घेतली असेल तर वॉर्डात असतानाच एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी करून घ्या. हिपॅटायटिस सी आता गोळ्यांनी बहुतेकांचा पूर्ण बरा होतो आणि सरकारी कार्यक्रमात औषधं मोफत आहेत.

बाबांशी भांडू नकोस. त्यांना सायकियाट्रिस्टसमोर पाच मिनिटं बसव, भाऊ हो म्हणाला तर. आपल्या मुलीने सांगितलेलं बापाला पटत नाही, पांढऱ्या कोटवाल्याने तेच सांगितलं की पटतं, चालायचंच. आणि मित्र भेटायला येतील ना, त्यांना सरळ खालीच थांबव, कुणाच्या खिशात काय आहे ते तुला कळणार नाही.

टेम्पोचं विचारलंयस. मांडीचं हाड जुळायला तसेही काही महिने जातात, ऑर्थोवाले पायावर पूर्ण भार टाका म्हणेपर्यंत क्लचचा प्रश्नच येत नाही. तोवर गोळीचा डोस बसलेला असेल. बुप्रेनॉर्फिन सुरू करताना आणि डोस बदलला की गाडी चालवायची नाही, गुंगी येते. डोस स्थिर झाला, गुंगी नाही, दारू आणि झोपेच्या गोळ्या नाहीत, तर पुष्कळ लोक व्यवस्थित काम करतात, पण गाडीला हात लावायच्या आधी डॉक्टरला स्पष्ट विचारून घ्या. तोवर घर कसं चालवायचं ते हॉस्पिटलच्या सोशल वर्करला भेटून बोल, ऑपरेशनच्या खर्चाला सरकारी योजना लागते का तेही तीच सांगेल. आणि मालकाशी बोलताना पाय मोडला एवढंच सांग, बाकीचं त्याला कळायची काही गरज नाही.